‘आक्वी’ डिव्हिजनचा युद्धकाळ : आकडा लिहिण्याआधी काय ठरवायचं

धागाकर्त्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीसमधल्या केफालोनिया बेटावर त्यांनी इटालियन ‘आक्वी’ डिव्हिजनचं स्मारक पाहिलं. दिवाळी अंकासाठी त्यावर लेख लिहायचा आहे. पण एका ठिकाणी ‘९,००० इटालियन सैनिकांना जर्मनांनी गोळ्या घातल्या’ असं आहे, दुसरीकडे २,०००, तिसरीकडे ५,०००. शिवाय कुठे तिला ‘माउंटन डिव्हिजन’ म्हटलंय, तर कुठे साधी ‘इन्फंट्री’. मग हे पिसाची टोपी घालणारे, इटलीच्या डोंगरी दलातले प्रसिद्ध अल्पिनी होते का? खरा आकडा कोणता? आणि या प्रकरणात कुणाला शिक्षा झाली का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘आक्वीचे किती मेले’ हा एक प्रश्न दिसतो, पण त्यात चार प्रश्न एकमेकांत अडकलेत. डिव्हिजन कोणती आणि कोणत्या तारखेची, बेट कोणतं, माणूस मेला कशाने, आणि हे मोजलं कुणी. हे चार धागे सोडवले नाहीत तर कुठलाही आकडा घ्या, कुणीतरी येऊन तो खोडणारच. म्हणून आधी डिव्हिजनची ओळख पक्की करू.

अल्पिनींचं आधी उरकतो. आक्वी ही अल्पिनींची डिव्हिजन नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इटलीकडे डोंगरात लढायच्या दोन वेगळ्या जातीच्या डिव्हिजन होत्या. एक ‘आल्पिना’: ताउरिनेन्से, त्रिदेन्तिना, जूलिया, कुनेएन्से, पुस्तेरिया वगैरे. यांच्या बटालियन आल्प्सच्या विशिष्ट खोऱ्यांतून भरल्या जात. जूलियातल्या बटालियनना तोल्मेझ्झो, जेमोना, चिविदाले अशी गावांची नावं आहेत आणि पोरंही बव्हंशी त्याच मुलखातली. बटालियनला जोडून डोंगरी तोफांची बॅटरी, स्वतःची खेचरं, स्वतःची रसद. म्हणजे एक बटालियन एका दरीत सोडली तरी ती आपल्यापुरती पूर्ण.

दुसरी जात म्हणजे ‘दा मोन्तान्या’, डोंगरी सामान दिलेली पायदळ डिव्हिजन. आक्वी ही या जातीतली ३३ वी. माणसं साध्या पायदळाची, टोपीत पीस नाही, भरतीही खोऱ्यानुसार नाही. फरक मुख्यतः वाहतुकीत आणि तोफखान्यात. जिथे मैदानी डिव्हिजनची तोफ घोड्यामागे किंवा ट्रॅक्टरमागे चाकांवर जायची, तिथे यांची तोफ सुटी करून खेचरांवर लादायची. त्यामुळे लेखात ‘डोंगरी पायदळ डिव्हिजन’ असं लिहा, ‘अल्पिनी’ लिहू नका. (आपल्याकडच्या वाचकाला अल्पिनी भेटतात ते केरेनला. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या त्या लढाईत आपली ३/५ मराठा पलटण होती आणि इटालियन बाजूला ‘उओर्क अम्बा’ ही अल्पिनींची बटालियन. आक्वीचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

आता ही डोंगरी तोफ म्हणजे काय ते जरा जवळून पाहा, कारण आक्वीचं पुढचं बरंच काही त्यातून कळतं. इटालियन कागदांत ‘७५/१३’ असं दिसेल. पहिला आकडा नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये, दुसरा नळीची लांबी त्या व्यासाच्या किती पट. म्हणजे ७५ मिमी व्यास आणि साधारण मीटरभर नळी. आखूड नळी, उंच चाप देऊन मारा, डोंगरापलीकडे गोळा टाकायला सोयीची. मूळची ही ऑस्ट्रिया-हंगेरीची श्कोडा तोफ, पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे आलेली. लढाईला उभी केली की वजन सहाशे किलोंच्या थोडं वर, आणि ती सात ओझ्यांत सुटी होते. म्हणजे एका ओझ्याला सरासरी नव्वदेक किलो, एका खेचराला एक ओझं. त्यावर गोळ्यांची खेचरं वेगळी, चाऱ्याची वेगळी. चार तोफांची बॅटरी हलवायची म्हटलं तर पायवाटेवर खेचरांची लांबच लांब रांग लागते. सातांतलं एक ओझं दरीत गेलं किंवा मागे राहिलं की ती तोफ बंद.

आक्वीचं १९४० चं कोष्टक पाहिलं तर हे दिसतंच. जून १९४० मध्ये फ्रान्सवर चढाई झाली तेव्हा ती स्तुरा दी देमोन्ते खोऱ्याच्या तोंडाशी होती. सहा बटालियन आणि ‘काळे शर्ट’वाल्यांची, म्हणजे मुसोलिनीच्या फासिस्ट मिलिशियाची, एक लीजन, ८१ मिमीच्या ३० उखळी तोफा, ७५/१३ च्या २४ तोफा, सुमारे ३,५०० जनावरं. मोटारगाड्या फक्त ६८, मोटारसायकली ७१ आणि सायकली १५३. एवढ्या मोठ्या डिव्हिजनला अडुसष्ट गाड्या! हा ‘मागासपणा’ म्हणून टर उडवली जाते, पण त्या खिंडीत गाड्या असत्या तरी चालल्या नसत्या. खरी अडचण निराळी होती. पाऊस लागला, रेडिओ भिजून मुके झाले, आणि पुढच्या फळीचं जेवण मागे खिंडीतच अडकलं. चार दिवसांत तह झाला म्हणून ते फारसं अंगाशी आलं नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मात्र आलं. अल्बेनियातून ग्रीसवर केलेली चढाई उलटली आणि डिसेंबर १९४० मध्ये आक्वीला घाईघाईने अल्बेनियात नेऊन हिमारा किनारपट्टीवर आणि लगतच्या डोंगरांत उभं केलं. त्या मोहिमेत सगळ्याच इटालियन कुमकीचं जे झालं ते इथेही लागू पडतं. ऑक्टोबरमध्ये मुसोलिनीने मोठ्या प्रमाणावर सैनिक घरी सोडले होते, अल्बेनियाच्या बंदरांची माल उतरवायची ताकद तोकडी, त्यामुळे माणसं आधी यायची, खेचरं आणि तोफा मागाहून. मग हाताशी येईल ती बटालियन जिथे भगदाड पडलंय तिथे टाकायची. डिव्हिजन नकाशावर एक दिसते, जमिनीवर तिचे तुकडे वेगवेगळ्या जनरलांच्या हाताखाली. तुम्ही ‘आक्वीने हिमाराला लढाई केली’ असं वाक्य लिहाल तेव्हा तपासा, की रेजिमेंट कोणती, १७ वी की १८ वी, आणि त्या दिवशी ती कुणाच्या हुकमाखाली होती.

एप्रिल १९४१ मध्ये ग्रीस पडला आणि आक्वीकडे आयोनियन बेटांची शिबंदी आली. कोर्फू, केफालोनिया, झाकिन्थोस, लेफ्काडा अशी ती विखुरली. दोन वर्षं त्यातच गेली. तुमच्या प्रश्नाशी संबंध असलेली गोष्ट एवढीच, की या काळात ३१७ वी रेजिमेंट तिला जोडली गेली. मूळच्या दोन रेजिमेंटच्या डिव्हिजनमध्ये आता तीन झाल्या. सप्टेंबर १९४३ मध्ये १७ वी आणि ३१७ वी केफालोनियावर होत्या, डिव्हिजनचं मुख्यालयही तिथेच, तर १८ वी कर्नल लुईजी लुसिन्यानींच्या हाताखाली कोर्फूवर. पहिला गोंधळ इथेच होतो. ‘आक्वी’ म्हणजे केफालोनिया नव्हे, आणि केफालोनियावरचे सगळे इटालियन म्हणजे आक्वी नव्हेत. बेटावर नौदलाच्या किनारी बॅटऱ्या होत्या, इस्पितळं होती, सीमाशुल्क दलाची माणसं होती.

घटनाक्रम आता जरा सावकाश, कारण मेलेल्यांची वर्गवारी तारखांवर अवलंबून आहे.

८ सप्टेंबर १९४३ ला संध्याकाळी इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली. बेटावर इटालियन साडेअकरा हजार सैनिक आणि सव्वापाचशे अधिकारी असा आकडा बहुतेक ठिकाणी येतो. जर्मन होते दोन हजारांच्या आत-बाहेर, लेफ्टनंट कर्नल हान्स बार्गे यांच्या हाताखाली, मुख्यतः बेटाच्या पश्चिमेकडच्या लिक्सुरी गावाच्या बाजूला. अथेन्समधून ११ व्या आर्मीचे जनरल वेक्कियारेल्ली यांचा हुकूम: जर्मनांना शस्त्रं द्या. दक्षिण इटलीत ब्रिंडिसीला पळून गेलेल्या वरिष्ठ मुख्यालयाचा हुकूम: जर्मनांना शत्रू समजा. जनरल आन्तोनियो गांदीन यांनी डिव्हिजनचा ताबा जूनमध्येच घेतला होता. ते वरिष्ठ मुख्यालयातून आलेले, जर्मनांमध्ये ऊठबस असलेले, आणि वाटाघाटींतून वाट निघेल या मताचे. त्या भरात त्यांनी बेटाच्या मध्यावरच्या कार्दाकाता या उंचवट्यावरून आपली बटालियन मागे घेतली. नकाशा उघडून पाहा: उत्तरेकडचे, लिक्सुरीकडचे आणि बेटाचं मुख्य शहर आर्गोस्तोली, तिकडचे रस्ते तिथे जुळतात. पुढे लढाई सुरू झाल्यावर ती जागा परत घ्यायचा प्रयत्न झाला आणि फसला. माझ्या मते लष्करीदृष्ट्या बेट तिथेच गेलं. गांदीन यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवणारेही आहेत, तो मला पटत नाही. हाताखाली दहा-बारा हजार माणसं, विमान एक नाही, समुद्रावर मदत नाही आणि हातात दोन उलटसुलट हुकूम, अशा वेळी वेळ काढणं यात गैर काय?

१३ सप्टेंबरला सकाळी जर्मनांचे दोन उतरणी तराफे आर्गोस्तोली बंदराकडे सरकताना दिसले. कॅप्टन रेन्झो अपोलोनियो, कॅप्टन आमोस पाम्पालोनी यांच्या बॅटऱ्यांनी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय तोफा डागल्या. एक तराफा बुडाला. त्या रात्री सैनिकांना तीन पर्याय विचारले गेले: जर्मनांबरोबर राहायचं, शस्त्रं टाकायची, की लढायचं. कौल लढण्याच्या बाजूने. ‘शंभर टक्के मतदान’ वगैरे जे लिहिलं जातं ते जपून वापरा. मतपेट्या नव्हत्या, तुकड्यातुकड्यांतून तोंडी विचारणा होऊन वर निरोप गेले. कौल लढण्याचा होता एवढं खात्रीने लिहिता येतं, टक्केवारी लिहू नये.

१५ तारखेला जर्मनांच्या ‘स्टुका’ या बॉम्बफेकी विमानांनी सुरुवात केली. सुरुवातीला इटालियनांनी आर्गोस्तोली भागातले काही शे जर्मन पकडलेसुद्धा. मग जर्मनांची कुमक उतरली: पहिल्या माउंटन डिव्हिजनची ९८ वी रेजिमेंट, जोडीला १०४ व्या येगर (हलक्या पायदळाच्या) डिव्हिजनची एक बटालियन, सूत्रं मेजर हाराल्ड फॉन हिर्शफेल्ड यांच्याकडे. इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. दोन्ही बाजूंना ‘डोंगरी’ पायदळ होतं, पण दोन वर्षं बेटं सांभाळणारी आक्वी रस्ते आणि किनाऱ्यावरच्या बॅटऱ्या धरून बसली होती, तर जर्मन २१ च्या पहाटेआधी रात्रीच रस्ते सोडून डोंगरातून तिच्या पिछाडीला पोहोचले. इटालियन तोफखाना संख्येने कमी नव्हता. पण तोफा समुद्राकडे तोंड करून, वर विमानविरोधी छत्र नाही, आणि टेलिफोनच्या तारा बॉम्बनी तुटलेल्या. २२ तारखेला गांदीननी शरणागती पत्करली.

१८ सप्टेंबरला हिटलरच्या मुख्यालयातून हुकूम सुटला होता की केफालोनियावर कैदी घ्यायचे नाहीत. आक्वीने तेव्हा जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलेल्या देशाचं सैन्य म्हणून लढायला सुरुवात केली नव्हती, इटलीची औपचारिक युद्धघोषणा १३ ऑक्टोबरची. हे युद्धकैदी नव्हतेच, हा जर्मन बाजूचा पुढचा सगळा बचाव या फटीतून येतो.

आता मृत्यू. ते किमान पाच वेगळ्या प्रकारचे आहेत आणि हे प्रकार वेगळे न ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक.

पहिला, १५ ते २२ दरम्यान प्रत्यक्ष लढताना किंवा बॉम्बखाली मेलेले. दुसरा, २१-२२ ला शस्त्रं टाकल्यावर जागच्या जागी मारलेले, त्रोयानातासारख्या ठिकाणी. तिसरा, शरणागतीनंतर, २४ तारखेला सान तेओदोरोच्या टोकावर ‘लाल घरा’पाशी गटागटाने उभे करून मारलेले अधिकारी, सव्वाशेहून अधिक, त्याच सकाळी खुद्द गांदीन. प्रेतं समुद्रात बुडवायला लावलेल्या खलाशांनाही नंतर संपवलं. चौथा, कैदी म्हणून मुख्य भूमीकडे नेताना बुडालेले. पाचवा, नंतर छावण्यांत किंवा मजुरीवर मेलेले. पहिला प्रकार युद्धातला मृत्यू, दुसरा-तिसरा युद्धगुन्हा, चौथ्यात सुरुंगानेही मारलंय आणि मित्रराष्ट्रांच्या विमानांनीही. हे सगळे एका ‘कत्तल’ शब्दाखाली घातले की आकडा फुगतो. आणि फुगलेला आकडा कुणी फोडला की खरी कत्तलही खोटी वाटायला लागते. नाकारणाऱ्यांना हेच हवं असतं.

सगळ्यात प्रचलित जुनी मांडणी अशी: लढताना १,३१५, गोळ्या घालून ५,१५५, समुद्रात ३,०००. बेरीज करा, ९,४७०. म्हणजे तुमच्या त्या ‘९,००० जणांना गोळ्या घातल्या’ या वाक्याला ही मांडणीसुद्धा आधार देत नाही. तिच्यातही गोळ्या घातलेले पाच हजारांच्या थोडे वर. बाकीचे तिने वेगळे दाखवलेत, नंतरच्या लिहिणाऱ्यांनी एकत्र केले.

पुढची पायरी, ही मांडणी स्वतःशी जुळते का ते बघायचं. कागद-पेन्सिल घ्या. बेटावर साधारण १२,०००. त्यातून ९,४७० वजा केले की उरले अडीच हजार. आता या अडीच हजारांत कोण कोण बसवायचंय? २८ सप्टेंबरला आर्गोस्तोलीजवळ सुरुंगावर गेलेलं ‘आर्देना’ जहाज: सुमारे ८४० कैदी, ७२० मेले. १३ ऑक्टोबरला ‘मार्गेरिता’: सुमारे ९००, त्यांतले ५४४ मेले. दोन्हींतून वाचलेले मिळून पावणेपाचशे. नोव्हेंबर १९४४ मध्ये अपोलोनियोंबरोबर बेटावरून इटलीला परतलेले सुमारे १,२००. यात थोडी दुबार मोजणी असू शकते, तरी सोळा-सतराशे इथेच संपले. मग उरलेल्या आठ-नऊशेंत इतर जहाजांनी सुखरूप मुख्य भूमीवर गेलेले सगळे, तिथून जर्मनीत आणि पूर्व आघाडीच्या मागे मजुरीला नेलेले, ग्रीक छापामारांत मिसळलेले, हे कसे मावणार? जर्मन अहवालांत जिवंत कैद्यांचा उल्लेखच हजारोंत आहे. अर्थात ९,४७० हा आकडा बेटावरच्या मृत्यूंचा म्हणून टिकत नाही.

मुळात तो आला कसा? मोठा भाग वजाबाकीने. युद्ध संपताना ‘एकूण होते इतके, परत आलेले माहीत इतके, बाकी मेले’ अशी रीत. युनिटची कागदपत्रं जळालेली किंवा पुरलेली, साक्षीदार मोजके, त्यामुळे त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. पण वजाबाकीत ‘पत्ता लागला नाही’ आणि ‘मेला’ यांत फरक राहत नाही. याचं चालतंबोलतं उदाहरण खुद्द पाम्पालोनी. त्यांना आणि त्यांच्या बॅटरीतल्या पकडलेल्या माणसांना गोळ्या घातल्या. त्यांच्या मानेतून गोळी आरपार गेली, ते प्रेतांत पडून राहिले, वाचले, आणि पुढे ग्रीक छापामारांबरोबर लढले. त्या आठवड्यात कुणी यादी केली असती तर त्यांचं नाव मृतांतच पडलं असतं. उलटही होतं: गोळ्या घालून विहिरीत किंवा समुद्रात टाकलेला माणूस कुठल्याच नोंदीत नसतो आणि ‘बेपत्ता’ म्हणून वर्षानुवर्षं राहतो.

समुद्रातले ३,०००सुद्धा तपासा. आर्देना आणि मार्गेरिता मिळून १,२६४ होतात. त्यात कोर्फूजवळ १० ऑक्टोबरला विमानहल्ल्यात सापडलेल्या ‘मारियो रोसेल्ली’चे १,३०२ धरले की साधारण २,५६६. म्हणजे तीन हजारांच्या जवळ जायचं तर कोर्फू मोजावंच लागतं. आणि कोर्फूच्या त्या जहाजावरचे कैदी निव्वळ आक्वीचे नव्हते, समोरच्या अल्बेनियाच्या किनाऱ्यावरूनही बरेच इटालियन त्या बेटावर आले होते. त्या किनाऱ्यावर पेरुजा डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांनाही ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळ्या घातल्या गेल्या. तेही कधी कधी आक्वीच्या खात्यात टाकलेले दिसतात. कोर्फूवर लुसिन्यानी आणि त्यांचे अधिकारी मारले गेले ते मात्र आक्वीचेच, पण केफालोनियाचे नव्हेत.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इटालियन आणि जर्मन अभ्यासकांनी नावांच्या याद्या, नुकसानभरपाईच्या फायली, जर्मन युनिटच्या रोजनिश्या असं जुळवून पुन्हा मोजणी केली. बेटावर मेलेल्यांचे, म्हणजे लढताना आणि गोळ्या घालून मिळून, त्यांचे अंदाज दोन हजारांच्या आतपासून चार हजारांच्या आसपासपर्यंत आहेत. पसरट आहे, मान्य. नावनिशी यादीतून मोजणारे खालच्या टोकाला जातात, कारण यादीत नसलेला त्यांच्या लेखी मोजला जात नाही. जर्मन अहवालांवर विसंबणारे वरच्या टोकाला जातात, कारण त्या अहवालांत गोल हजारांची भाषा आहे, आणि वरच्यांना ‘हुकूम पाळला’ हे दाखवायचा मोहही. दोन्ही पद्धतींचा कल कुठल्या दिशेला आहे ते माहीत असलं की मधला पट्टा विश्वासाने वापरता येतो.

स्वतः मूळ कागदांपर्यंत जायचं असेल तर तीन ठिकाणं. इटालियन युनिटच्या रोजनिश्या, ज्यांना ‘दियारिओ स्तोरिको’ म्हणतात, रोममध्ये लष्कराच्या इतिहास कार्यालयात. सप्टेंबर १९४३ साठी त्या तुटक आहेत आणि बरंचसं नंतर लिहून दिलेल्या निवेदनांवर आहे. निवेदन कधीचं आहे ते आधी पाहा: १९४४ मध्ये परतल्यावर चौकशीपुढे दिलेलं, की पदक-निवृत्तिवेतनाच्या अर्जासोबतचं. जर्मन कागद फ्राइबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात, माउंटन डिव्हिजनांसाठी ‘आरएच २८’ आणि २२ व्या माउंटन कॉर्प्ससाठी ‘आरएच २४-२२’ या खुणेखाली. जर्मनीला जाणं शक्य नसेल तर अमेरिकेने युद्धानंतर काढलेल्या मायक्रोफिल्म आहेत: कॉर्प्सच्या ‘टी-३१४’, डिव्हिजनच्या ‘टी-३१५’, आर्मी ग्रुपच्या ‘टी-३११’. त्यांतल्या बऱ्याच आता घरबसल्या पाहता येतात. त्यात कैद्यांच्या बाबतीत ‘हुकमाप्रमाणे वागणूक’ अशी गुळमुळीत वाक्यं येतात. तो कोणता हुकूम हे शोधायला तारखेने मागे जावं लागतं.

शोधताना नावांचा घोळ होतो, तो आधीच मिटवा. लेफ्काडा इटालियन कागदांत ‘सान्ता माउरा’, झाकिन्थोस ‘झान्ते’, केफालोनिया ‘चेफालोनिया’. अल्बेनियातलं सारांडा तर ‘पोर्तो एद्दा’ होऊन बसतं, मुसोलिनीच्या मुलीच्या नावावरून. ‘आक्वी’ टाकलंत की पिएमोन्तेतलं गाव येईल, शीतयुद्धातली ब्रिगेड येईल आणि आजचं डिव्हिजन मुख्यालयही येईल. या नावाचा वारसा सैन्यात अजून चालू आहे. म्हणून शोधताना ‘३३’ आणि वर्ष दोन्ही जोडा. तेवढं केलं तरी ३३ वी तोफखाना रेजिमेंट मध्ये घुसेल, पण ती याच डिव्हिजनची असल्याने त्रास नाही.

तर लेखात काय लिहाल? मी असं लिहीन: ‘सप्टेंबर १९४३ मध्ये केफालोनियावर आक्वी डिव्हिजनने जर्मनांशी आठवडाभर लढा दिला. लढाईत आणि शरणागतीनंतरच्या गोळीबारात मिळून दोन ते चार हजार इटालियन मेले असावेत असं अलीकडचे अभ्यासक मानतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना शस्त्रं टाकल्यावर मारलं गेलं, गांदीन यांच्यासह सव्वाशेहून अधिक अधिकारी त्यांत होते. याशिवाय बाराशेहून अधिक कैदी बेटावरून नेताना जहाजांवर मेले. जुन्या लिखाणातला नऊ हजारांचा आकडा हे सगळे आणि कोर्फूजवळ बुडालेलेही एकत्र धरतो, आणि त्याचा मोठा भाग वजाबाकीतून आलेला आहे.’ एवढ्यात कुणालाही बोट ठेवायला जागा उरत नाही. जागा कमी असेल तर जहाजांचं वाक्य गाळा, पण ‘दोन ते चार हजार’ कशाचे हे गाळू नका. स्मारकावर मोठा आकडा दिसला असेल तर ‘स्मारकावरचा आकडा’ म्हणूनच तो द्या. स्मारक उभारणाऱ्यांच्या वेळी हातात होतं ते त्यांनी कोरलं.

शिक्षेचा प्रश्न राहिला. २२ व्या माउंटन कॉर्प्सचे जनरल हुबर्ट लांत्स यांच्यावर न्यूरेंबर्गला, बाल्कनमधल्या जर्मन जनरलांवरच्या ‘ओलीस खटल्या’त आरोप ठेवले गेले. १९४८ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, १९५१ मध्ये ते सुटले. सरसकट सगळ्यांना मारायचा हुकूम आपण रोखला, मारले गेले ते अधिकारीच, हा त्यांचा बचाव न्यायालयाने बऱ्याच अंशी मानला. म्हणून या निकालपत्राचा आधार घेताना जपा: त्यात शिक्षा गांदीन आणि अधिकाऱ्यांच्या हत्येबद्दल आहे, २१-२२ तारखेच्या शेतातल्या हत्यांचं चित्र त्यातून मिळत नाही. हिर्शफेल्ड १९४५ च्या सुरुवातीलाच लढाईत मेले होते, डिव्हिजनचे प्रमुख श्टेट्नर १९४४ मध्ये बेलग्रेडच्या बाजूला बेपत्ता झाले. इटलीने स्वतः युद्धानंतर कितीतरी वर्षं हे प्रकरण फारसं पुढे रेटलं नाही. पश्चिम जर्मनी नाटोत आली होती, आणि इटालियन सैन्यावरच युगोस्लाव्हिया आणि ग्रीसमधल्या गुन्ह्यांचे आरोप होते, ही त्यामागची दोन कारणं समजायला सोपी आहेत. २००६ मध्ये म्युनिकच्या सरकारी वकिलांनी गोळीबार पथकाच्या एका माजी अधिकाऱ्यावरची चौकशी बंद केली, त्यावर इटलीत बराच गदारोळ झाला. शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये रोमच्या लष्करी न्यायालयाने आल्फ्रेड श्टोर्क या माजी डोंगरी सैनिकाला गैरहजेरीत जन्मठेप दिली. तेव्हा ते नव्वदीत होते, जर्मनीत राहत होते, आणि ती शिक्षा त्यांनी एक दिवसही भोगली नाही.